अंदमान, पोरांसकट

अंदमानातला दिवस पुण्या-मुंबईच्या घड्याळात बसत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश अलीकडे, पोर्ट ब्लेअर दहा अंश पलीकडे. अंशाला चार मिनिटं या शाळेतल्या हिशेबाने दोन्हीकडच्या सूर्यात एक तास वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे तेच. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, साडेपाचला अंधार. पहाटे सहाच्या आत ऊन खोलीत. मुलं उजेडाबरोबर उठतात. मोठी माणसं ‘सुट्टी आहे’ म्हणत उशीत तोंड खुपसून पडतात, नऊला नाश्ता करतात आणि दहाला किनाऱ्यावर पोचतात, म्हणजे नेमकी वाळू तापल्यावर. आम्ही मुलांच्या बाजूने गेलो. उजाडलं की दूध-बिस्किटं, सहाला पाण्यात, नऊच्या आत परत, मग पोटभर नाश्ता, भर दुपारी सगळ्यांनी झोप, तीनला पुन्हा बाहेर. सातला जेवण, आठला धाकटा आडवा. घरी त्याला आठला झोपवायचं म्हणजे लढाई असते.

*

बरोबर कोण, तर थोरली, नुकती सहावीत गेलेली; धाकटा, पहिलीतला; नवरा; आणि सासूबाई. सासूबाई माहेरच्या गुहागरच्या, त्यामुळे समुद्राचं त्यांना कौतुक नाही. त्यांना यायचं होतं ते सेल्युलर जेलसाठी. मुलांना खेकड्यांसाठी. एका सहलीत या दोन्ही गोष्टी बसवायच्या होत्या.

*

टूरवाल्यांच्या छापील कार्यक्रमात सहा दिवसांत जेल, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, नील, बाराटांग असं सगळं कोंबलेलं असतं. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक बेट बदलताना अर्धा दिवस जातो: खोली सोडा, जेटीवर जा, सामानाला चिठ्ठ्या लावा, तपासणी, वाट बघणं, बोट, पलीकडे पुन्हा सामान शोधा. मुलांना ‘शू’ नेमकी तपासणीच्या रांगेत लागते. पोर्ट ब्लेअर धरून तीन मुक्काम पुष्कळ झाले. नॉर्थ बे आणि बाराटांग आम्ही खोडलं. बाराटांग का खोडलं ते पुढे.

*

पावसाचा हिशेब आपल्यासारखा नाही. मेपासून नैर्ऋत्य मोसमी, मग ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमी. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात वादळं उठायचे दिवस असतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. शेवटी नौदलाची जहाजं न्यायला आली. म्हणून जाणकार सांगतात की शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. बोट रद्द झाली तरी विमान चुकत नाही. मुलं बरोबर असतील तर मी म्हणेन, शेवटच्या दोन रात्री.

*

नावांचा घोळ जाण्याआधी निस्तरून ठेवावा. रॉस, हॅवलॉक आणि नील यांची नावं २०१८ पासून अनुक्रमे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटावर नवी नावं, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. मीही इथे जुनीच लिहिते आहे, कारण आमच्या घरात तीच बोलली गेली.

*

बोट. खासगी बोटी बंद काचांच्या, वातानुकूलित, दीड-दोन तासांत हॅवलॉकला पोचवतात. सरकारी फेरी हळू जाते, स्वस्त आहे, आणि मुळात बेटांवरच्या लोकांसाठी आहे, त्यामुळे तिकिटाची खात्री नाही. पण तिला उघडा डेक असतो. ज्या मुलाला गाडीत मळमळतं त्याला बंद केबिनमध्ये थंड हवेत डिझेलच्या वासासह बसवणं म्हणजे पिशव्या तयार ठेवणं. उलटीची गोळी मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच न्यावी, आणि बोटीत चढायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी; बोट हलायला लागल्यावर दिलेली गोळी बहुधा पिशवीतच जाते. येताना आम्हाला सरकारी फेरी मिळाली. डेकवर थोरलीला उडते मासे दिसले: पाण्यातून चपळ काहीतरी निघतं, लाटांच्या वरून सरळ रेषेत बऱ्याच अंतरापर्यंत जातं आणि पुन्हा आत. धाकट्याने ते पक्षी असल्याचं जाहीर केलं. वाद जेटीपर्यंत टिकला. उलटी कोणालाच झाली नाही.

*

हॅवलॉकवरचा राधानगरचा किनारा. ‘टाइम’ने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटलं, आणि तेव्हापासून प्रत्येक रिक्षावाला ते सांगतो. किनारा आहेच तसा: रुंद, वाळू मैद्यासारखी बारीक, पाठीशी सी-महुआची प्रचंड झाडं. पण मुलं सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली ती मगरीच्या पाटीपुढे.

पाट्या खऱ्या आहेत. अंदमानच्या खाड्यांत, खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी राहतात, आणि त्या समुद्रातूनही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातात. २०१० मध्ये राधानगरला लागूनच असलेल्या नील्स कोव्हमध्ये एका परदेशी तरुणीचा मगरीने बळी घेतला. आता कित्येक किनाऱ्यांवर पाट्या आहेत, जीवरक्षक आहेत, काही ठिकाणी पोहायच्या जागेला जाळी लावलेली आहे.

आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब होतं. त्यातले काका मुलाला म्हणाले, ‘अरे, ते उगाच लिहितात घाबरवायला.’ आमच्या थोरलीला वाचता येत होतं, त्यामुळे आमची सोय उरली नव्हती. तिला सरळ सांगितलं: मगर आहे, खाडीच्या तोंडाशी जास्त असते, संध्याकाळी आणि पहाटे अंधारात जास्त हिंडते, म्हणून जीवरक्षकाची शिट्टी झाली की बाहेर. तिने धाकट्याला तेच सांगितलं, आवाज थोडा खोल करून. त्यानंतर शिट्टी वाजली की दोघंही सगळ्यांच्या आधी बाहेर. काकांचा मुलगा मात्र ओढून काढावा लागत होता.

*

या बेटांवर मुलांना दिवसभर नाही म्हणावं लागतं. प्रवाळावर उभं राहू नको. शंख खिशात घालू नको. हरणाला चिप्स देऊ नको. नौदलाच्या जहाजाचा फोटो नको. त्या बाजूला पोहू नको. ज्या ‘नाही’चं कारण मुलाला डोळ्यांनी दिसतं ते चालून जातं. नौदलाच्या फोटोचं कारण दिसत नाही, त्यामुळे त्यावर प्रत्येक जेटीवर नव्याने वाटाघाटी झाल्या.

*

नीलला ओहोटीच्या वेळी जायचं. पूर्ण ओहोटीला पाणी मागे जातं आणि प्रवाळाचं खडबडीत आंगण उघडं पडतं, मध्ये मध्ये गुडघ्याएवढी डबकी. त्यात निळे मासे, समुद्रकाकड्या, कधी तारामासा. तळव्याला जाड रबरी बूट हवेत. चपला डबक्यात सुटतात आणि मग चपलेमागे धावताना प्रवाळ तुडवलं जातं.

पण माझ्या मुलांना डबक्यांपेक्षा कोरडी वाळू जास्त आवडली. पाणी ओसरलं की वाळूवर नक्षी उमटायला लागते: एक भोक, आणि त्यापासून चहूबाजूंना वाळूच्या बारीक गोळ्यांच्या ओळी. भोकात वाटाण्याएवढा खेकडा. जवळ गेलं की गायब. धाकटा आधी पायाने भोकं उकरत होता, काही मिळेना. मग सासूबाई म्हणाल्या, ‘बस खाली. सावली पाडू नकोस त्याच्यावर.’ दोघं पालथे पडले. चार-पाच मिनिटं काही नाही. मग एक डोळा वर आला, मग अख्खा खेकडा. दोन्ही नांग्यांनी तो वाळू उचलून तोंडात भरतो, त्यातलं खाण्याजोगं तेवढं वेचून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी तोंडाशीच वळत जाते. ती पुरेशी मोठी झाली की पायाने मागे ढकलतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. भोकापर्यंत परत जायला एक वाट मोकळी ठेवतो, तिच्यावर गोळी टाकत नाही. हे थोरलीने टिपलं, मला दिसलं नव्हतं. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पहिल्यापासून.

‘हा खातो किती आणि टाकतो किती!’ धाकटा म्हणाला.

‘तुझं ताट बघ,’ थोरली.

तिथे आमचा दीड तास गेला. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल, ज्याचा फोटो काढायला सगळे येतात, तो आम्ही लांबूनच पाहिला.

*

ओहोटी किती वाजता, हे हॉटेलवाला विचारल्यावर सांगतो. सासूबाईंना विचारावं लागत नाही. कोकणातला हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. त्यांनी ‘कालनिर्णय’चं पान मोबाइलवर काढून नीलची वेळ काढली आणि ती सपशेल चुकली, कारण हा हिशेब कोकणकिनाऱ्याचा, प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी. त्या जराही ओशाळल्या नाहीत. पहिल्या दिवशीची खरी वेळ पाहून ठेवली आणि पुढे रोज दोन घटका वाढवत गेल्या. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. हॉटेलच्या फळ्यावरच्या वेळेशी ते जवळजवळ जुळत गेलं. थोरलीने गुणाकार करून पडताळा पाहिला. गणिताच्या बाईंना सांगायचं ठरलंय.

पाण्याचा चढ-उतार इथे मुंबईच्या मानाने कमी. तिकडे उधाणाला चार-पाच मीटर, इथे दोन मीटरच्या आसपास. पण तळ उथळ असल्यामुळे तेवढ्यातही अख्खा किनारा बदलतो. म्हणून नीलवर ‘सकाळी काय, दुपारी काय’ हे पंचांग ठरवतं. टूरवाल्याच्या कागदावर मात्र ‘सकाळी १० : भरतपूर बीच’ असं बारमाही छापलेलं असतं.

*

शंखातले खेकडे हा वेगळा विषय. यांचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. मोठा शंख मोकळा सापडला तर काही जातींचे खेकडे चक्क लहान-मोठ्याच्या क्रमाने रांग लावतात. पहिला मोठ्यात गेला की दुसरा त्याच्या सोडलेल्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. शंख मिळाला नाही तर बाटलीचं झाकणही चालवून घेतात. धाकट्याने सुंदर पट्ट्यापट्ट्यांचा शंख उचलला आणि तो त्याच्या तळहातावर चालायला लागला. किंकाळी संपल्यावर त्याने तो अगदी जपून खाली ठेवला. पुढचा शंख त्याने उचलून आत डोकावून पाहिला. रिकामा होता. ‘आत्ता रिकामा आहे,’ असं मला समजावत त्याने तोही ठेवला.

कायदाही तेच सांगतो. प्रवाळ आणि कित्येक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विमानतळावर सामानात सापडले तर काढून घेतात, आणि दुकानातून घेतलेल्या शंखांचीही पावती जवळ ठेवावी लागते. पण पहिलीतल्या मुलाला कायदा सांगून उपयोग नसतो.

*

जेवण: प्रश्नच आला नाही. डाळ-भात सगळीकडे, मासे ताजे, शहाळी पावलापावलावर. नीलवर भाजी पिकते आणि पोर्ट ब्लेअरला जाते. तिथल्या वस्त्या मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या, त्यामुळे वांग्याची भजी आणि मोहरीतला मासा उत्तम. गावांची नावं सासूबाईंना फार आवडली: नीलवर सीतापूर, रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, हॅवलॉकवर राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर. एका बेटावर रामायण, दुसऱ्यावर कृष्ण. थोरलीने विचारलं की रावणपूर कुठाय.

*

वाळूतल्या माश्या. दिसत नाहीत, चावलेलं कळत नाही, दुसऱ्या दिवशी लाल पुळ्या आणि आठवडाभर खाज. उन्हं कलली की लांब पायजमे, आणि ओल्या वाळूवर थेट न बसता चटई. खोबरेल तेलाचा जाड थर लावावा असं तिथल्या बायका सांगतात, आम्ही लावला. पुळ्या तरी आल्याच, पण कमी.

*

स्नॉर्केलिंग. हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर मुलांना रबरी ट्यूब धरायला देतात आणि गाइड ओढत नेतो. पोहायला येत नसलं तरी चालतं. मुखवटा आधी बादलीत तोंड बुडवून वापरून पाहावा. समुद्रात पहिल्यांदा लावला तर मूल नाकाने श्वास घेतं, पाणी जातं, आणि मग त्या दिवसाचा समुद्र संपला. सनस्क्रीनचे थर देण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा बरा. मुलांना आणि प्रवाळालाही.

थोरली बाहेर आली ती नाराज. चित्रातल्यासारखे रंग नव्हते. बरंचसं प्रवाळ राखाडी, तुटकं, वर शेवाळ. तिला दिलेलं उत्तर इथे लिहून ठेवते. प्रवाळ म्हणजे बारीक प्राणी, आणि त्यांच्या अंगात राहणारी सूक्ष्म शैवाळं त्यांना अन्न आणि रंग पुरवतात. समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापला आणि तसाच राहिला की प्रवाळ ती शैवाळं बाहेर टाकतं, पांढरं पडतं, आणि पाणी लवकर निवलं नाही तर मरतं. अंदमानात २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. तिने विचारलं की मग सगळे म्हणतात की फार सुंदर आहे, ते का. मी म्हटलं, पैसे भरलेले असतात. नवरा म्हणाला, मुलांशी असं बोलू नये. तो परत पाण्यात गेला आणि पोपटमासा बघून आला, तेव्हा ती पुन्हा उतरली.

*

सेल्युलर जेल. मराठी मंडळी इथे देवळात आल्यासारखी येतात, चपला काढायच्या का विचारतात. सासूबाईंनी ‘माझी जन्मठेप’ शाळेत असताना वाचलं होतं. सावरकर बंधू, गणेशपंत आणि विनायकराव, दोघंही इथे होते. विनायकराव १९११ ते १९२१. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला, तिला एक जास्तीचं दार. सासूबाई तिथे बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

पहिलीतल्या मुलाला तुरुंगाबद्दल किती सांगायचं? आम्ही आधी ठरवलं होतं की कोलू (तेलाचा घाणा), फटके, फाशीघर यातलं काही त्याच्यापुढे नको. त्यानेच सोडवलं. त्याला कोठडीची कडी सापडली. दाराचा लोखंडी दांडा बाहेरच्या भिंतीतून बराच पुढे जातो आणि एका खोबणीत अडकतो, कुलूप तिथे. आतून गजांमधून हात कितीही बाहेर काढला तरी खोबणीपर्यंत पोचत नाही. धाकट्याने आत जाऊन गजांतून हात काढला, खांद्यापर्यंत. नाही पोचला. मग थोरलीने. मग नवऱ्याने, गालाला गज रुतेपर्यंत. नाही. धाकटा म्हणाला, ‘त्यांनी मोजून केलंय.’

मग इमारतीकडे बघायची त्यांची नजर बदलली. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती फाकलेल्या, त्यातल्या आता तीनच उभ्या आहेत. पाडलेल्यांच्या जागेवर आज सरकारी रुग्णालय आहे. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरचा कैदी कधी दिसू नये. एका खोलीत एकच माणूस. मुलं एकेक गोष्ट शोधून ‘हेही मोजून केलंय’ म्हणत फिरली. कोलूपाशी थांबल्यावर मी सांगून टाकलं की बैलाच्या जागी माणसाला जुंपायचे आणि दिवसाला तीस पौंड तेल काढायला लावायचे. धाकट्याने तीस पौंड म्हणजे किती पिशव्या ते विचारलं. तेरा-चौदा किलो, म्हणजे घरी येणाऱ्या लिटरच्या पिशव्या असतील तर पंधरा. तो गप्प झाला, मग म्हणाला की पाणी तरी देत होते का.

एक गोष्ट खटकली. आपल्या लोकांचे घोळके सरळ त्या एका कोठडीकडे जातात, फोटो काढतात, घोषणा देतात आणि खाली उतरतात. खाली संगमरवरावर कैद्यांची नावं कोरलेली आहेत, प्रांतवार, शेकड्यांनी. त्यात बंगाल आणि पंजाब सगळ्यांत जास्त. बारींद्र घोष, उल्लासकर दत्त, बटुकेश्वर दत्त. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न भरताना गेलेले महावीर सिंह. थोरली वाचत उभी राहिली, तर मागून एक बाई म्हणाल्या, ‘चल बाळा, ते आपले नाहीत.’ सासूबाई वळल्या. ‘मग कोणाचे?’ एवढंच म्हणाल्या आणि स्वतःही वाचायला लागल्या, पहिल्या पाटीपासून.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम मुलांसाठी ठेवू नये. आवाज ओम पुरींचा, पिंपळाचं झाड गोष्ट सांगतं, कल्पना चांगली. पण पाचला सूर्य बुडालेल्या गावात मुलं तोपर्यंत पेंगुळतात. धाकटा ‘वंदे मातरम्’च्या गजरात घोरत होता.

*

रॉस बेटावर हरणं. चितळ मुळात इथले नव्हेत, इंग्रजांनी शिकारीसाठी आणून सोडले. वाघ-बिबट्या कोणी नाही, त्यामुळे पोहत इतर बेटांवरही पसरले आणि कोवळी झाडं खाऊन टाकतात. हे सगळं सांगितल्यावर थोरली म्हणाली की हरणांची काय चूक. इंग्रज साहेबांच्या बंगल्यांच्या भिंती मात्र झाडांच्या मुळांनी पुरत्या गिळल्या आहेत, छप्पर कुठेच नाही. लपाछपीला इतकी चांगली जागा मुलांना पुन्हा मिळणार नाही. पहारेकरी ओरडेपर्यंत खेळली.

*

बाराटांग. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी, म्हणजे मुलांना हवं तेच. पण गाडीचा रस्ता जिरकाटांगच्या फाटकातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्याने सोडतात. थांबायचं नाही, फोटो नाही, खायला द्यायचं नाही. नियम कडक आहेत, आणि तरी हॉटेलात रात्री जेवताना लोक एकमेकांना विचारतात, ‘तुम्हाला दिसले का?’ कोणाला किती दिसले याची तुलना होते. जारवा आहेत काहीशे. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांपासून लांबच होते. रस्त्याचा जंगलातला भाग बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. रस्ता चालू राहिला. २०१२ मध्ये जारवांना नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा देशभर आरडाओरडा झाला.

मुलांना काय सांगायचं? थोरलीला मी गोवराचं सांगितलं. ‘तुला लहानपणी लस टोचली. त्यांच्या अंगात त्या आजाराची ओळखच नाही. १९९९ मध्ये त्यांच्यात गोवर पसरला तो बाहेरच्यांकडून.’ तिला पटलं. धाकट्याचा प्रश्न निराळा होता. ‘ते आपल्याला बघायला येतात का?’ येत नाहीत. ‘मग आपण का?’ ड्रायव्हरने तीनदा सांगून पाहिलं की सगळे जातात, काही होत नाही. सगळे जातात हे खरंच आहे.

*

त्या रिकाम्या दिवशी ड्रायव्हर आम्हाला वंडूरच्या रस्त्याने सिप्पीघाटला घेऊन गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उथळ पाणी, त्यात वाळलेले बुंधे, बगळे, टिटव्या. दिसायला तळं, पण २६ डिसेंबर २००४ पर्यंत ती भातखाचरं होती. त्या दिवशीच्या भूकंपाने अंदमान-निकोबार अख्खं कलतं झालं: उत्तर अंदमानचा काही किनारा मीटरभर वर आला आणि प्रवाळ उघडं पडून मेलं, पोर्ट ब्लेअरची बाजू मीटरभर खचली, आणि पार दक्षिणेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खाली गेला. त्सुनामीची लाट आली आणि गेली. जमीन खालीच राहिली, आणि समुद्र रोज भरतीला शेतात यायला लागला.

धाकट्याला लाट हवी होती, किती उंच, कोणाला नेलं. थोरलीला जमीन खचते हेच मान्य होईना. नवऱ्याने बोनेटवर एक पुस्तक दुसऱ्याखाली सरकवून भूपट्ट कसे सरकतात ते दाखवलं.

ड्रायव्हर म्हणाला, ‘वो सामने मेरे मामा का खेत था.’ बोट दाखवलं तिकडे एक बांध पाण्याबाहेर डोकावत होता, त्यावर पाणकावळा पंख वाळवत बसलेला. मामा आता काय करतात? ‘मछली. उसी में जाल डालते हैं.’ कुठला मासा, सासूबाईंनी विचारलं. त्याने तीन-चार नावं सांगितली. एकाला गुहागरात काय म्हणतात ते त्यांनी सांगितलं, त्याला ते पटलं नाही, त्याने हातांनी आकार दाखवला, त्यांनी नाही म्हटलं आणि शेपटी कशी असते ते हवेत काढून दाखवलं. पोर्ट ब्लेअर येईपर्यंत गाडीत सुरमईचा भाव चालला होता, इथे काय किलो आणि रत्नागिरीला काय किलो.